पत्र्यावरची पेन्सिल

विद्यापीठ, आयोवा
२ फेब्रुवारी १९३१

प्रिय ताई,

लेफ्सची पेटी पोचली. बटाट्याच्या बारा पोळ्या पाठवल्यास असं लिहिलं होतंस, निघाल्या दहा. टपालखात्यावर आळ घेण्याआधी निल्सभावोजींना विचार, पेटी कोणी बांधली ते.

माझं बरं चाललं आहे. यंदा संस्कृतच्या वर्गात दोन विद्यार्थी आहेत. एकाला धर्मप्रसाराला जायचं आहे. दुसरा वर्ग चुकून येऊन बसला, पण सभ्य मुलगा असल्यामुळे उठून जात नाही.

आता मुद्दा. इथे डॉ. हॅडली म्हणून गृहस्थ आहेत, वाणीचं चिकित्सालय चालवतात. जेवताना शेजारी बसतात. त्यांचं म्हणणं असं, की जिभेचा लगाम मेंदूच्या एकाच अर्ध्याच्या हाती असायला हवा. जन्मतः डावखुऱ्या मुलाला कोणी बळजबरीनं उजवं केलं, की दोन्ही अर्धे लगामाला झोंबतात आणि घोडं जागच्या जागी पाय आपटतं. याचंच नाव तोतरेपणा. उपाय म्हणजे उजवा हात प्लास्टरमध्ये घालून ठेवायचा आणि डाव्याला त्याचं राज्य परत द्यायचं.

मला आपली सिग्ने आठवली. आणि माझ्या टेबलावरचं ते पत्र्यावरचं चित्र आठवलं. ती चार वर्षांची असताना जत्रेतल्या फोटोवाल्यानं काढलेलं. तू बसली आहेस, ती तुझ्या मांडीवर, आणि तिच्या हातात नांगरवाल्यांनी फुकट वाटलेली पेन्सिल. कोणत्या हातात, ठाऊक आहे? डाव्या! मी चित्र नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी टेबलावर अशी थाप मारली की माझं सूप सांडलं. म्हणाले, "हिचा हात बदलला आहे! कोणी बदलला?"

तू तर नाहीस ना ग ताई? तुझा लाकडी चमचा मला अजून स्मरतो.

पोर वीस वर्षांची झाली. तिला पाठवून दे.

तुझा एविंद

•

ब्रेवीक, आयोवा
९ फेब्रुवारी १९३१

एविंद,

पत्र वाचून पहिल्यांदा ते चुलीत घालणार होते. पण सिग्नेनं आधीच वाचलेलं होतं.

मी माझ्या मुलीचा हात बदलला, असं तू सूप पिता पिता एका परक्या माणसाला सांगितलंस? थट्टेत? लाकडी चमचा तुझ्या पाठीत बसायचा तो तू साय चोरायचास म्हणून. सिग्नेच्या अंगाला मी कधी बोट लावलं नाही. ती उजव्या हातानंच खायची, उजव्यानंच अंडी उचलायची, उजव्यानंच चिमटे काढायची. डावखुरं मूल वीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात वावरलं आणि मला कळलं नाही म्हणतोस?

पण तू चित्र म्हणतोस. चित्र खोटं कसं बोलेल? रात्रंदिवस तेच डोक्यात. सिग्ने दोन ते चार वर्षांची होती तेव्हा मी गोठ्यात असायचे आणि तिला सांभाळायच्या सासूबाई. काल न राहवून निल्सना म्हटलं, "तुमच्या आईनं तर नाही ना बांधून ठेवला हिचा हात?" निल्स उठून बाहेर गेले. आई जाऊन नऊ वर्षं झाली त्यांची. परत आले तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत.

सिग्नेला शाळामास्तरीण व्हायचंय हे तुला माहीत आहे. परीक्षेत ती जिल्ह्यात दुसरी आली. तपासनीससाहेबांनी समोर बसवून नाव विचारलं. 'सिग्ने' म्हणायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांनी फाइल बंद केली. म्हणून ती म्हणते, "मी जा-जा-जाणार." सोमवारच्या गाडीनं येते आहे.

साप्ताहिकातल्या तिच्या बातम्या बंद पडणार याचं साऱ्या वस्तीला वाईट वाटतंय. गेल्या आठवड्यात तिनं लिहिलं होतं, "रविवारी टेलेफसेन मंडळी ओपदालांकडे कॉफीला गेली. केक खाली बसला. मंडळीही बसली, ती सहापर्यंत उठली नाहीत." ओपदालबाई अजून तोंड फुगवून आहेत. तोंडानं तीन शब्द नीट काढता येत नाहीत पोरीला, पण लेखणी हातात आली की अख्खी वस्ती तिला वचकून असते.

तिला जप.

रॅग्नहिल्ड

•

विद्यापीठ, आयोवा
२० एप्रिल १९३१

प्रिय ताई,

तुझा राग पोचला. तपासणीची फी म्हणून जमा करून घेतला.

सिग्ने सुखरूप आहे. बोटांच्या टोकांपासून खांद्याच्या खालपर्यंत प्लास्टर आहे, एखाद्या देवदूताचा पुतळा शिल्पकारानं अर्धवट सोडावा तसं. वर्षभर ठेवायचं आहे. तसं तिनं लिहून दिलंय. डाव्या हातानं ती चमचा धरते, बटणं लावते, आणि एका ओळीला पाव तास घेत लिहिते. घरमालकीण तिचं मांस कापून देते आणि वर प्रार्थनाही करते, ती मात्र फुकट.

प्लास्टर घालण्याआधी डॉक्टरांनी तिच्या सगळ्या परीक्षा घेतल्या. चेंडू उजव्यानं फेकते, कात्री उजव्यानं, सुईत दोरा उजव्यानं. मी जरा चपापलो. डॉक्टर हसून म्हणाले, "किती कसून बदललंय पाहा! खूणसुद्धा उरू दिली नाही." मला त्या युक्तिवादाची थोडी गंमत वाटली. चोर सापडला नाही, म्हणजे तो फारच पटाईत असला पाहिजे. पण मी पडलो शब्दांचा माणूस, मेंदूतलं मला काय कळतं?

आकडे मात्र बोलतात. आठवड्याला एकदा तिला बोलतं करून अडखळणं मोजतात. पहिल्या आठवड्यात एकसष्ट वेळा अडली, या आठवड्यात चव्वेचाळीस.

रविवारी माझ्याकडे जेवायला येते. आमच्या गप्पा छान रंगतात. ती आरंभ करते, मी समारोप करतो.

भावोजींना नमस्कार. बोलले का?

एविंद

•

ब्रेवीक, आयोवा
१२ सप्टेंबर १९३१

एविंद,

सोबत एक कागद पाठवते आहे. जुलैत आलेला. नीट बघ.

'आई. बरी आहे. उकडतंय. सिग्ने.'

बस. पाच शब्द, आणि अक्षरं वाऱ्यानं झोपलेल्या मक्यासारखी. या मुलीची मला चार-चार पानी पत्रं यायची! शेजारच्या गावी मावशीकडे दोन दिवस गेली तरी यायची. मावशीच्या कोंबड्यांची नावं आणि स्वभाव त्यात असायचे.

ऑगस्टमध्ये पंधरा दिवस घरी होती. तू म्हणतोस, कमी अडते. खरं आहे. बोलतच नाही, तर अडेल कुठे? पूर्वी मान हलवत, डोळे मिटत, पण हट्टानं वाक्य शेवटाला न्यायची. आता खांदे उडवते. मनात आलेलं लिहून दाखवायची तेही गेलं. एकदा मी तिला न्हाऊ घालत होते. एविंद, वीस वर्षांच्या मुलीला मी न्हाऊ घालत होते! तेव्हा ती काहीतरी सांगायला लागली. शब्द येईना. मग सवयीनं पेन्सिल धरायला उजवा हात उचलला, आणि तो दगड नुसता हवेत वर आला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पाण्यात सोडणार होती. मी धरला. "भिजवू नको," म्हटलं. मीच म्हटलं!

तिची जीभ तिच्या उजव्या हातात होती. तुमच्या डॉक्टरनं ती जीभच प्लास्टरमध्ये घातली, आणि तू मला आकडे कळवतोस.

साप्ताहिकवाल्यांनी बातम्या लिहायला टेलेफसेनबाईंना धरलंय. आता सगळ्यांचे केक फुगतात.

निल्स सात महिने माझ्याशी बोललेले नाहीत. मीठ हवं असलं तरी कुत्र्याला सांगतात आणि मी देते.

मला ते चित्र पाठव. या घराची राख झाली ती त्या चित्रानं. एकदा माझ्या डोळ्यांनी बघू दे.

रॅग्नहिल्ड

•

विद्यापीठ, आयोवा
२० सप्टेंबर १९३१

प्रिय ताई,

चित्र सोबत आहे. कापसात गुंडाळलंय. महिनाअखेर परत हवं. नोव्हेंबरात इथे डॉक्टरांची मोठी सभा भरते आहे, हॅडली तिथे निबंध वाचणार आणि हे चित्र पडद्यावर मोठं करून दाखवणार. सिग्ने त्यांचा पहिला दाखला आहे.

तू रागावली आहेस. रागावणं हा वडील बहिणीचा अधिकार आहे. पण औषध कडूच असतं. पोर गप्प झाली आहे हे मलाही दिसतं. मी मात्र त्याला अंतर्मुखता समजत होतो. आमच्या ग्रंथांत मौनाची फार थोरवी सांगितली आहे.

हे वाक्य लिहून झाल्यावर मला आवडलं नाही. पण खोडत नाही.

एविंद

•

ब्रेवीक, आयोवा
२७ सप्टेंबर १९३१

एविंद,

तू गाढव आहेस. तुझ्या सगळ्या भाषांत हे लिहून ठेव.

चित्र उघडलं, खिडकीशी नेलं. आहे, पेन्सिल डाव्या हातात आहे. रडू आलं. मग तिच्या पोटावर ठेवलेला माझा हात दिसला. त्यावर माझी अंगठी.

एविंद, माझी लग्नाची अंगठी कुठल्या हातात असते?

उजव्या! आपल्या जुन्या देशाच्या रीतीनं आईची उजव्या हातात, आजीची उजव्या हातात, या वस्तीतल्या प्रत्येक बाईची उजव्या हातात. पाळकानं घातली त्या दिवसापासून माझी निघालेली नाही. साबण लावूनसुद्धा निघत नाही, सांधा सुजलाय. आणि चित्रात ती डाव्या हातात आहे!

पत्र्यावरचं चित्र उलटं येतं. आरशात येतं तसं. जत्रेतला तो फोटोवाला आपल्याला म्हणालासुद्धा होता, "बाईसाहेब, भांग उलटा दिसला तर माझ्याशी भांडायला येऊ नका." तू हसला होतास. तू तिथे उभा होतास, एविंद!

तुझा डॉक्टर अमेरिकन. त्याच्या बायकोची अंगठी डाव्या हातात. त्याला काय खटकणार? पण तू? त्याच आईच्या हातचं जेवलास ना? सोळा वर्षं ते चित्र टेबलावर ठेवून बहिणीच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाहीस?

निल्सना दाखवलं. बराच वेळ पाहत राहिले. मग सात महिन्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलले. "म्हणजे माझ्या आईनं काही केलं नव्हतं." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "आणि तूही नाही." मग गोठ्यात गेले. मी सासूबाईंच्या थडग्याशी जाऊन आले. तिथे काय बोलले ते तुला सांगणार नाही.

चित्र परत पाठवते आहे. माझ्या मुलीचा हात सोडव.

रॅग्नहिल्ड

•

विद्यापीठ, आयोवा
४ ऑक्टोबर १९३१

ताई,

थट्टा संपली. मी हॅडलींकडे गेलो होतो. चित्र आणि आरसा दोन्ही घेऊन.

त्यांनी पाहिलं. त्यांना कळलं. मला वाटलं, आता हा मनुष्य खुर्चीवरून उठेल. ते म्हणाले, "रंजक आहे. पण एका चित्रावर सिद्धांत उभा नाही."

मी म्हटलं, "मग निबंधाच्या पहिल्या पानावर ते का उभं आहे?"

"प्राध्यापकमहाशय, मुलीत सुधारणा होते आहे. हात कसाही असो. वर्ष पुरं होऊ द्या. मध्येच प्लास्टर काढलं तर हा दाखला मला गाळावा लागेल."

दाखला! ताई, आपल्या सिग्नेला तो दाखला म्हणाला आणि पाइप भरू लागला. चित्र त्याच्याच टेबलावर राहिलं. मी त्याच्या मदतनिसाकडून आकड्यांचे मूळ कागद मागवले. तिचा शब्दन् शब्द त्यांत उतरवलेला होता, ते मी बसून मोजले. पहिल्या आठवड्यात ती हजार शब्द बोलली आणि एकसष्ट वेळा अडली. एप्रिलात ती पाचशे बोलली आणि चव्वेचाळीस वेळा अडली. शब्द त्यांनी मोजलेच नव्हते, नुसत्या ठेचा मोजल्या! या गणितानं तिची जीभ छाटली असती तर पूर्ण बरी झाली म्हणून टाळ्या पडल्या असत्या.

आमच्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एक गाठ. हात आणि वाणी यांचा खरोखर काही संबंध असेलही. कुठे असेल, कुठे नसेल, मला ठाऊक नाही. पण इथे तर कावळासुद्धा बसला नव्हता. तो मी चित्र दाखवून बसवला.

सिग्नेला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग तोंड उघडलं. "तु-तु-तुम्ही..." मी म्हटलं, "हो ग, तुला म्हणायचंय की मामांनी आधी नीट पाहायला हवं..."

तिनं तो प्लास्टरचा हात टेबलावर आपटला. बशी फुटली, कॉफी माझ्या मांडीवर आली. कोट चढवून ती निघून गेली. एकाच बाहीत हात होता, दुसरी बाही पाठीमागे लोंबत होती. रात्रीच्या गाडीनं तुझ्याकडे निघाली असावी.

एविंद

•

ब्रेवीक, आयोवा
११ ऑक्टोबर १९३१

मामा,

हे उजव्या हातानं लिहिते आहे. अक्षर थरथरतंय. समजून घेऊ नका, वाचा.

मी आल्या आल्या गुरांच्या टाकीत हात बुडवून बसले. दुपारपर्यंत. बाबांनी कणसं सोलायचा आकडा तळहातावर बांधला आणि प्लास्टरचं साल काढलं, मक्याचं काढतात तसं. आतून निघाला तो हात माझा वाटेना. सोललेली काठी. बाबांनी तो आपल्या सदऱ्यानं पुसला आणि एवढंच म्हणाले, "निघालं बाई कणीस."

आठ महिने मला राग लिहिता आला नाही. आता लिहिते.

तुम्ही डॉक्टरांना चित्र दाखवलंत. आईला पत्र लिहिलंत. आईनं बाबांना विचारलं. बाबांनी कुत्र्याला सांगितलं. पेन्सिल कोणत्या हातात होती हे मला कोणीच विचारलं नाही. मला आठवत असतं किंवा नसतं. पण विचारलं नाही, कारण उत्तर द्यायला मला वेळ लागतो.

तुम्ही प्रेमानं माझी वाक्यं पुरी करता. मी 'क' म्हटलं की तुम्ही 'कॉफी' म्हणता. मला कधी 'कंटाळा' म्हणायचं असतं. वीस वर्षं मी तुमच्याकडे नको असलेली कॉफी पिते आहे. माझं लहानपणसुद्धा तुम्हीच पुरं करून डॉक्टरांना देऊन टाकलंत.

मीही फसले. मला फसायचंच होतं. कोणीतरी सांगितलं की तू मुळात वेगळी होतीस, नीट बोलणारी होतीस, एका हातानं तुला बिघडवलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्याचा सगळ्यात जास्त राग येतो.

सात नोव्हेंबरच्या सभेला मी येणार. डॉक्टरांनी मला न गाळता चित्र दाखवलं, तर उभी राहणार. तुम्ही शेजारी बसा. तोंड उघडायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही.

सिग्ने

•

विद्यापीठ, आयोवा
८ नोव्हेंबर १९३१

ताई,

सिग्ने आज दुपारच्या गाडीनं निघेल. काल काय झालं ते ती सांगेलच. मी माझ्यापुरतं लिहितो.

सभागृहात साठ-सत्तर डॉक्टर होते. पडदा खाली आला आणि त्यावर तू आलीस, भिंतीएवढी. तुझी अंगठी बशीएवढी होती. हॅडली काठीनं पेन्सिल दाखवत म्हणाले, "जन्मजात डावखुरेपणाचा हा स्पष्ट पुरावा." आरसा पाहून, सगळं कळून, तोंड वर करून तो हे म्हणाला! मी खुर्चीचा दांडा धरून ठेवला होता.

सिग्ने उभी राहिली. सगळे वळले. हॅडली क्षणभर गोरेमोरे झाले. मग गोड आवाजात म्हणाले, "हीच ती मुलगी. बोल बाळ."

पहिलं अक्षर येईना. तिचे डोळे मिटले, मान मागे गेली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना मी पाहिला. तिला काय म्हणायचंय ते मला ठाऊक होतं, ताई. जिभेच्या टोकावर होतं. ते न बोलणं हे मी आयुष्यात केलेलं सर्वांत अवघड काम आहे. ओठ चावला. आज सुजलाय.

पुढच्या रांगेतला एक टकल्या सद्‌गृहस्थ कनवाळूपणे म्हणाला, "तिला म्हणायचंय की..."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोललो नाही. पण हात जड ठेवला. तो गप्प झाला.

मग ती बोलली. प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा, पण अख्खा. "अंगठी पाहा. चित्र उलटं आहे. मी डावखुरी नव्हते."

तीन वाक्यं. चार मिनिटं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काहींनी आपल्या बोटांतल्या अंगठ्या पाहिल्या. हॅडली म्हणाले, "आभारी आहे. पुढचा दाखला." पडद्यावर दुसराच कोणी मुलगा आला, त्याचाही हात प्लास्टरमध्ये. सभा चालू राहिली. मी घरी आलो आणि तेव्हापासून त्या मुलाचाच विचार करतो आहे. त्याच्या मामानं काय दाखवलं असेल?

आज सकाळी मी विद्यापीठाला दोन पानांचं तक्रारपत्र दिलं. त्यात एकही विनोद नाही. उत्तर येईल असं वाटत नाही. पुढच्या सोमवारी दुसरं देणार.

एविंद

•

ब्रेवीक, आयोवा
२१ नोव्हेंबर १९३१

एविंद,

तपासनीससाहेबांनी यंदाही शाळा दिलेली नाही. फाइल पुन्हा बंद. या वेळी मात्र सिग्ने खुर्चीवरून हलली नाही. वाक्य पुरं होईपर्यंत त्यांना बसवून ठेवलं, त्यांची गाडी चुकली. जानेवारीत पुन्हा जाणार म्हणते.

टेलेफसेनबाईंना साप्ताहिकातून सुट्टी मिळाली. कात्रण पाठवते. निल्सनी ते जेवताना मोठ्यानं वाचलं, माझ्याकडे बघून. कुत्रा बिचारा वाट बघत राहिला.

रॅग्नहिल्ड

'आमच्या वस्तीवरून. ओपदालांकडे रविवारी कॉफी झाली, केक पुन्हा बसला. कुमारी सिग्ने विद्यापीठातून परत आली. येताना आपला उजवा हात बरोबर घेऊन आली. तो तिथल्या लोकांना हवा होता, पण दिला नाही. तिचे मामा प्राध्यापक एविंद एका सभेत चार मिनिटं काही बोलले नाहीत. प्रकृती ठीक आहे.'